‘दुर्मीळ आजाराचा बाऊ’ या प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

युगांडाची राजधानी कंपाला येथील मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिता की हा आजार आफ्रिकेत दुर्मीळ आहे, तंतुमय आहारामुळे तेथील लोक सुरक्षित आहेत, माझे आकडे जुने आहेत आणि “डॉक्टर नसलेल्यांनी दुर्मीळ आजाराचा बाऊ करू नये.”

मतभेद मी आनंदाने ऐकून घेते, पण या शेवटच्या वाक्यातील अधिकारवाणी मला खटकली. मी डॉक्टर असल्याचा दावा कधी केला? पतीच्या नोकरीमुळे मी कंपालात अनेक वर्षे राहिले. शेजारच्या चाळिशीतील बाईंना शौचावाटे रक्त जात असताना एका दवाखान्यातून महिनोन्महिने मूळव्याधीचे औषध मिळत राहिले, कारण इकडच्या माणसांना तसले काही होत नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. अखेर दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा रोग यकृतात पोहोचला होता. आपण मला नेमकी तीच समजूत ऐकवत आहात, आणि तीही न विचारता.

पाश्चात्य देशांपेक्षा तेथे हा आजार कमी आढळतो, हे मला मान्य आहे. परंतु ज्यांना तो होतो, त्यांचे पुढे काय होते? कंपालाच्या कर्करोग नोंदणीतील, नव्वदच्या दशकात निदान झालेल्या रुग्णांमध्ये पाच वर्षांची सापेक्ष जीवितता (म्हणजे त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत जगण्याचे प्रमाण) ८.३ टक्के होती, तर त्याच अभ्यासात तुलनेला घेतलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन रुग्णांमध्ये ५४.२ टक्के. एवढी तफावत उशिरा होणाऱ्या निदानातून आणि अपुऱ्या उपचारांतून येते. आकडे जुने म्हणून आपण ते बाजूला सारता. मात्र गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगात अनेकदा किरणोपचार लागतात आणि युगांडातील तेव्हाचे एकमेव किरणोपचार यंत्र २०१६ साली मुलागो रुग्णालयात बंद पडले, ही गोष्ट काही फार जुनी नाही.

आहाराविषयी थोडक्यात लिहिते. युगांडात काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये मांडलेला तंतुमय आहाराचा विचार मुख्यतः पारंपरिक ग्रामीण आहारावर आधारलेला होता. शहरात मद्य, तंबाखू, स्थूलपणा आणि प्रक्रिया केलेले मांस ही जोखमीची कारणे वाढतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींना दोन आठवडे अमेरिकी धाटणीचा आहार दिला, तेवढ्यातच त्यांच्या आतड्याच्या अस्तरातील कर्करोगाच्या जोखमीशी निगडित खुणा वाढल्या. तेव्हा आजोबांच्या मटोक्याने (तिकडच्या रोजच्या जेवणातील शिजवलेल्या हिरव्या केळ्यांनी) कंपालातल्या नातवाचे रक्षण होईल, असे मी तरी लिहिणार नाही.

यापुढे माझ्या पात्रतेऐवजी या आकड्यांविषयी लिहिलेत, तर मी अवश्य उत्तर देईन.