परत तीच पिशवी!

दिवाळी आली की सांगलीतल्या दुकानदारांना पर्यावरणाचा पुळका येतो. भेट म्हणून हातात काय टेकवतात, तर हिरवं पान छापलेली 'कापडी' पिशवी. कसलं कापड? नॉन-वोव्हन म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, चक्क प्लास्टिक! २०१८ ची प्लास्टिकबंदी विसरलात काय? गणपती पेठेत दोन किलो साखर घातली की बंद तुटतो. मग ती चिंधी गटारात, पावसाळ्यात कृष्णेत. वर दुकानाचं नाव केवढं! मासे वाचणार आहेत का? अहो, बचत गटाच्या बायकांकडनं जाड मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्या, नाव कोपऱ्यात बारीक टाका. लोक वर्षानुवर्षं मंडईला नेतील. महाग पडतं म्हणे. मग कमी वाटा की! आणि बांबूचं पेन प्लास्टिकच्या डबीत घालून देणारे... त्यांचं तर बोलायलाच नको.