साडेबावन्न सीसीचा पुरुमेंत

गोव्यात मे महिना लागला की घरात दोन खाती तयार होतात. एक स्वयंपाकघराचं. सोलं, सुक्या मिरच्या, जाडं मीठ, उकडे तांदूळ, सुके बांगडे असा चार महिन्यांचा पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) आई आणि बायको मिळून भरतात, आणि विसाव्या तारखेच्या सुमारास डब्यांची झाकणं लावून मोकळ्या होतात. दुसरं खातं लाकडांचं. ते पुरुषांकडे असतं, त्यामुळे पहिली सर कोसळेपर्यंत त्यावर नुसती चर्चा चालू असते.

घरात गिझर आहे. छपरावर सोलरही आहे. पण जूनपासून सूर्य फोंडा तालुक्यात फारसा फिरकत नाही, आणि वारा जरा जोरात सुटला की वीज जाते. शिवाय गिझरच्या पाण्याने आंघोळ झाली असं आई मानतच नाही. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणातलं, धुराचा वास लागलेलं पाणी अंगावर पडलं की तिचा दिवस सुरू होतो. वर चवथ, म्हणजे गणपती. मुंबई, बेळगाव, वास्को असं विखुरलेलं सगळं गोत एकदम घरी उतरतं, आणि मागच्या पडवीतल्या चुलीवर खतखत्याचा (मिश्र भाज्यांच्या रश्श्याचा) टोप चढतो. तो टोप गॅसच्या शेगडीवर ठेवला तर शेगडी दिसेनाशी होते.

पूर्वी लाकडं फोडायला कुऱ्हाडवाला यायचा. आता तो थकला, आणि त्याचा मुलगा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर रात्रपाळी करतो. तेव्हा हे खातं आपोआप माझ्याकडे आलं, आणि माझ्याकडे आलं म्हणजे माझ्या मामेभावाकडे गेलं.

मामेभाऊ डिचोलीकडच्या खाणींवर टिपर ट्रक दुरुस्त करायचा. 2012 साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या. त्याच्या हातातला पाना मात्र थांबला नाही. ट्रक नाहीत म्हणून तो मिक्सर उघडतो, पंप उघडतो, आणि एकदा आईचं श्रवणयंत्र उघडत होता, ते वेळेवर हिसकावून घेतलं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात रस्तोरस्ती झाडं आडवी झाली, वीज गेली, आणि त्या दिवसांत ज्याच्या हातात लाकूड कापायचा साखळीचा कटर होता तो पोरगा गावाचा राजा झाला. मामेभावाने ते बघितलं. पुढच्या महिन्यात त्याने कटर घेतला. तो स्वतः फ्लॅटमध्ये राहतो. कटर आमच्या पडवीत राहतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 58 सीसी लिहिलं होतं. शेजारचे निवृत्त गणिताचे मास्तर व्हर्नियर कॅलिपर घेऊनच आले. सिलिंडर उघडण्याची संधी त्यांना पुढे मिळाली (ती कशी ते येईलच), तेव्हा त्यांनी व्यास मोजला, 45 मिलिमीटर. दट्ट्याची (पिस्टनची) फेरी मोजली, 33. मग वहीच्या पानावर π, व्यासाचा वर्ग, चारने भागाकार, फेरीने गुणाकार. उत्तर साडेबावन्न. "साडेपाच सीसी स्टिकरमध्ये आहेत," मास्तर म्हणाले आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

त्या वर्षी भाटातलं (घरच्या बागायतीतलं) एक जुनं काजूचं झाड वाळलं होतं. त्याला रोठा लागला होता. ही भुंग्याची अळी खोडात आणि मुळात शिरून आतून पोखरत जाते, बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. वाळलं तरी झाड ते झाडच. गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या भाटातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. (हाच कायदा 2016 साली दुरुस्त झाला तेव्हा माड झाडांच्या व्याख्येतून बाहेर गेला आणि 2017 साली पुन्हा आत आला. मधल्या काळात माडाने आपण नक्की कोण याचा विचार केला असेल की नाही, कळायला मार्ग नाही.) अर्ज केला, परवानगी आली, आणि मामेभाऊ बर्मुडा आणि स्लिपर घालून कामाला हजर झाला. बायकोने त्याच्या पायांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता माझे पावसाळी गमबूट आणून समोर ठेवले. डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय दोरी ओढायची नाही, हेही तिनेच ठरवलं. या सगळ्या प्रकरणात सुरक्षिततेचं म्हणून जे काही झालं ते तिच्यामुळे.

कटर सुरू झाला. पहिल्या दोन फांद्या लोण्यासारख्या कापल्या गेल्या. मग बुंधा. बुंध्यात कुणा पूर्वजाने कुंपणाची काटेरी तार ठोकली होती आणि झाडाने ती वर्षानुवर्षं गिळून ठेवली होती. करकर आवाज, दोन ठिणग्या, आणि साखळी तारेवरून निसटून खाली चिऱ्याच्या दगडावर. चिऱ्याला साखळी क्षणभर लागली तरी दातांची धार जाते. इथे ती क्षणभरापेक्षा बरीच जास्त लागली.

तिथून पुढे कटर लाकूड कापेना, घासू लागला. धारदार साखळी लाकडाच्या जाड झिलप्या उडवते, बोथट झाली की मैद्यासारखं बारीक पीठ पडतं आणि धूर येतो. आमच्या गमबुटांवर पीठ साचत होतं. मास्तर कुंपणापलीकडून म्हणाले, "धार गेली रे. कानस मार." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण मामेभाऊ म्हणाला, "ताकद कमी पडते."

माझा या विषयातला एकच सिद्धांत आहे आणि तो मी कुणाशीही वाद घालून मांडायला तयार आहे. लाकूड कापायला धार लागते. पण धार लावताना बाप्या माणूस खाली मान घालून अर्धा तास गप्प बसलेला दिसतो, आणि ताकद वाढवली की सगळ्या वाड्याला ऐकू येते. म्हणून जगात कटर सुधारणारे खूप आणि साखळी घासणारे थोडे.

मामेभावाने सायलेन्सर सोडवला. आतल्या पत्र्याला ड्रिलने भोकं पाडली, बाहेरचं तोंड मोठं केलं. धूर लवकर बाहेर गेला की इंजिन मोकळा श्वास घेतं, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण धूर मोकळा झाला की इंजिन हवाही जास्त ओढतं, मग पेट्रोलही त्या प्रमाणात वाढवावं लागतं. त्यासाठी कार्बोरेटरवर दोन बारके स्क्रू असतात, एक मंद गतीचा, एक वेगाचा. वेगाचा स्क्रू बाहेर घेतला की पेट्रोल वाढतं, आत घेतला की कमी होतं. कमी झालं की इंजिन बारीक, चिरक्या आवाजात किंचाळतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काय पळतंय! मामेभावाने कान लावून लावून तो स्क्रू आत घेतला. दोन घरं सोडून पलीकडचं वासरू दावं तोडून पळालं. आईने श्रवणयंत्र काढून ठेवलं. मामेभावाच्या चेहऱ्यावर खाणी पुन्हा सुरू झाल्यासारखा आनंद होता.

दुचाकीच्या इंजिनाचं तेल वेगळं असतं, कटरच्या इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी तर तेलही कमी, आणि उष्णता जास्त. त्यात हे मिश्रण तो डोळ्याच्या अंदाजाने करायचा. चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल तर लिटरमागे 20 मिलिलिटर, साधं असेल तर 40. त्याचा डोळा दोन्हींच्या खाली होता. त्या दुपारी किंकाळी मध्येच थांबली. दोरी ओढली तर दोरी येईना. सायलेन्सर काढून धुराच्या भोकातून टॉर्च मारला. पिस्टनच्या गुळगुळीत बाजूवर उभ्या रेघा पडल्या होत्या, नखाने ओढल्यासारख्या, आणि मधे एका ठिकाणी ॲल्युमिनियम वितळून लेपासारखं बसलं होतं.

"सीझ झालं," मामेभाऊ म्हणाला. मास्तर लगेच व्हर्नियर घेऊन कुंपण ओलांडून आले.

फोंड्याच्या मेकॅनिकचं दुकान म्हणजे गवत कापायच्या मशीनचा दवाखाना. भिंतीवर ती रांगेने टांगलेली, खाली पंप, कोपऱ्यात एक आइस्क्रीमचं यंत्रही होतं. त्याने आमच्या कटरकडे बघितलं, सायलेन्सरच्या भोकात करंगळी घातली, मग मामेभावाकडे बघितलं.

"हें कोणें केलें?"

मामेभावाने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"फाल्यां यो," मेकॅनिक म्हणाला, म्हणजे उद्या ये. गोव्यातल्या मेकॅनिकचं फाल्यां हे पंचांगात सापडत नाही. पाऊस सुरू झाला, नवा पिस्टन-सिलिंडर संच बसला, तरी यंत्र सुरू होईना. मग कार्बोरेटर उघडला. आतला रबरी पडदा पापडासारखा ताठ झाला होता आणि पेट्रोलची नळी फुगून मऊ पडली होती. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आता तर 20 टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि पावसाळ्यातली आमची हवा म्हणजे निम्मं पाणीच. टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र कोपऱ्यात ठेवलं की त्याची वाट लागते. काम झालं की टाकी रिकामी करायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करायचा. मेकॅनिकने हे मला सांगितलं. मामेभाऊ शेजारीच उभा होता, पण सांगितलं मला.

दुरुस्तीचं बिल मी इथे लिहीत नाही. तेवढ्यात अकेशियाची एक टेम्पोभर लाकडं घरपोच आली असती, हे बायकोने एकदाच सांगितलं. नंतर ती फक्त टेम्पो दिसला की माझ्याकडे बघायची.

मेकॅनिककडे वाट बघण्याच्या काळात मामेभावाला आणखी एक उपाय सापडला होता. लोखंड कापायच्या ग्राइंडरला पट्टी आणि साखळी बसवायचं एक जोडकाम बाजारात मिळतं. त्याला ब्रेक नाही, साखळीला तेल नाही, आणि कित्येक ग्राइंडरांचं बटण असं की बोट काढलं तरी यंत्र चालूच. त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. बायकोने चित्र बघितलं आणि ग्राइंडर उचलून कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली कुठे आहे ते मला आजही माहीत नाही.

कटर घरी आला तेव्हा मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. गोल कानस, 4.8 मिलिमीटरची. साखळी बाकावर शिकंज्यात धरली. पहिल्या दाताला त्यांच्या नातीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका, म्हणजे कुठून सुरुवात केली ते विसरायचं नाही. दात एक उजवा, एक डावा, असे आलटून पालटून असतात. आधी एका बाजूचे सगळे, तीस अंशांत कानस धरून, फक्त पुढे ढकलत, दोन किंवा तीन घासे, जास्त नाहीत. मग साखळी फिरवून दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला एक घास जास्त झाला की कटर लाकडात तिरका जातो आणि कापलेला ओंडका केळ्यासारखा वाकडा निघतो. प्रत्येक दातापुढे एक छोटं नाक असतं, दात किती खोल जाईल ते ठरवणारं. ते दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवं. दात घासून घासून लहान झाला आणि नाक तसंच राहिलं तर धार असूनही साखळी लाकडावरून नुसती सरकते. हे नाक मास्तरांनी पानावर आकृती काढून समजावलं. अर्थात त्याखालीही दोन रेघा होत्या.

या दाताची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. साखळीची करवत मुळात लाकडासाठी नव्हती. 18व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या डॉक्टरांनी अडलेल्या बाळंतपणात किंवा रोगट हाड काढताना कापायला हाताने ओढायची दातेरी साखळी केली होती. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा आईने "राम राम" म्हणत कटरवर गोणपाट टाकलं. लाकडासाठीची इंजिनाची करवत पुढे आली, पण तिचे दात साध्या करवतीसारखेच होते आणि फार लवकर बोथट व्हायचे. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला एका ओंडक्यात भुंग्याची अळी दिसली. ती डाव्या-उजव्या जबड्यांनी ओलं-सुकं लाकूड सहज कुरतडत चालली होती. त्याने तिच्या जबड्याच्या आकाराचे, आलटून पालटून डावे-उजवे दात केले. आजच्या साखळीचा दात तो.

म्हणजे आमचं काजूचं झाड एका भुंग्याच्या अळीने आतून खाल्लं आणि दुसऱ्या भुंग्याच्या अळीचे दात लावून आम्ही ते बाहेरून खात होतो. फरक इतकाच की रोठ्याने पेट्रोल, पिस्टन आणि मामेभाऊ यांपैकी काहीही न वापरता काम पुरं केलं होतं.

धार लावलेला कटर उघडिपीच्या एका सकाळी सुरू केला. सायलेन्सरला मेकॅनिकने पत्रा ठोकून आवाज साधा केला होता. वासरू जागचं हललं नाही. झिलप्या उडाल्या, बोटभर लांबीच्या, काजूच्या चिकाचा वास सगळ्या भाटात भरला, आणि बुंध्याचे दीडदीड वितीचे ओंडके भराभर पडू लागले. मामेभाऊ काहीसा नाराज होता. "आवाज दबला रे दादा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ओंडके पडवीत आले आणि आई बाहेर आली. तिने सगळ्यात जाड ओंडक्यावर पाय ठेवला.

"हे भाणाखाली कसं जायचं?"

कटर लाकूड आडवं कापतो. उभं फोडायला कुऱ्हाड लागते, आणि कुऱ्हाडीला माणूस लागतो. मास्तरांनी हात वर केले, त्यांची कंबर गणिताची आहे. मी फोन काढला आणि कॅसिनोवाल्या पोराच्या सुट्टीचा वार विचारला.

मामेभाऊ गप्प होता. मग तो उठून न्हाणीच्या बाजूला गेला. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेलो तर वॉशिंग मशीनच्या मागे वाकून, टॉर्च मारून, मोटरवरचा आकडा वाचत होता.

"दादा, ह्याची वॉरंटी संपली ना?"