संस्थापकांचं तरी एकमत कुठे होतं?

लेख मनापासून वाचला. ‘अमेरिकेच्या संस्थापकांना मर्यादित सरकार हवं होतं, तिकडे परत चला’ हे त्यातलं म्हणणं अर्धंच खरं आहे. १७८७ ची राज्यघटना लिहिली गेली तीच मुळी आधीचं केंद्र फार दुबळं होतं म्हणून. त्याला कर लावायचाही अधिकार नव्हता, पैशासाठी राज्यांपुढे हात पसरावे लागत. १७९१ मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने राष्ट्रीय बँकेचा आग्रह धरला, तेव्हा घटनेत असा अधिकार नाही म्हणून परराष्ट्रमंत्री जेफरसन अडून बसले. आणि १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना त्याच जेफरसननी फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला! तसं कलम घटनेत नाही हे त्यांना स्वतःलाही टोचत होतं. घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांनीही आधी बँकेला विरोध केला, पुढे राष्ट्राध्यक्ष असताना १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर सही केली.

तरी सत्तेला वेसण हवीच, हे मला पटतं. मी इथे अमेरिकेत नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत होतो, तेव्हा बायको पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची. ‘राज्यांचा एक अधिकार सांग.’ ‘ड्रायव्हिंग लायसन्स देणं.’ इतक्या साध्या उत्तरामागे दहावी घटनादुरुस्ती (केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे) उभी आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण लेखात गुलामगिरीचा उल्लेखच नाही, हे फार लागलं. ‘राज्यांचे अधिकार’ हीच ढाल पुढे करून दक्षिणेने माणसं विकत घेण्याचं समर्थन केलं. ते मोडायला यादवी युद्ध लागलं, आणि सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणारी १८६८ ची चौदावी दुरुस्ती केंद्राचा हात बळकट करूनच आली. लेखकाने त्यावरही लिहावं.