अठरा पूर्ण झाले की अख्खा हायवे मोकळा?

लग्नसराईत हळदीच्या रात्री आमच्या अमळनेर-चोपडा पट्ट्यात मोटरसायकली कोण पळवतं, ते एकदा बघा. मोठी माणसं मांडवात, डीजे जोरात. बर्फ संपला, पत्रावळी कमी पडल्या की चावी जाते दहावी-अकरावीच्या पोराकडे. मागे आणखी दोघं चढतात. हेल्मेटचा तर विषयच नाही. आणि बाप कौतुकानं सांगतो, "आंडोर आते मोठा व्हई गया!" (पोरगा आता मोठा झाला!)

मला या कौतुकाचा राग येतो. पण "पोलिसांनी धरून ठोकलं पाहिजे" एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण कायदा आधीच भरपूर कडक आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199-अ कलम आलं. अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. मे 2024 मध्ये पुण्यात पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा हे कलम सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. नंतर कोण विचारतो?

माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या कायद्यात पायऱ्याच नाहीत. अठराव्या वर्षाच्या आदल्या दिवशी सगळं बंद. मग लर्निंग काढा, 30 दिवस थांबा, आरटीओत आठचा आकडा काढून दाखवा, की रात्रीचा हायवे आणि मागे बसलेला मित्र, सगळं एकदम मोकळं.

(सोळाव्या वर्षी गाडी चालते म्हणणाऱ्यांसाठी: ती सवलत 50 सीसीपर्यंतच्या गाडीला आहे. तुमच्या दारातली स्कूटर 110 ची आहे, भाऊ.)

न्यूझीलंडनं 1987 मध्येच तीन टप्प्यांचं लायसन्स आणलं. मधल्या टप्प्यात रात्री 10 ते पहाटे 5 एकट्यानं चालवायचं नाही, आणि सोबत अनुभवी माणूस नसेल तर सहसा कुणाला बसवायचं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये 25 च्या आतल्या शिकाऊला वहीत 120 तासांची नोंद दाखवावी लागते, त्यातले 20 तास रात्रीचे. बंधनं नेमकी रात्रीवर आणि सोबत्यांवर का? तर नवख्या पोरांचे अपघात तिथेच वाढतात. आमची हळदीची रात्र म्हणजे दोन्ही एकत्र.

रात्रीचा रस्ता आरटीओच्या मैदानावर कळत नाही. समोरून ट्रक अप्पर मारत, म्हणजे लांबचा उजेड डोळ्यांवर टाकत येतो, डिप्पर देऊन तो खाली करत नाही. दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड. आणि त्याच वेळी आपल्या पुढे केळीनं भरलेली ट्रॉली चाललेली असते. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, पानं लोंबताहेत. मुरलेला माणूस उजेड दिसताच वेग कमी करतो. पोरगा मागच्याशी बोलत असतो.

"न्यूझीलंडचं इथं सांगू नका, पोराला क्लासला जायचं असतं," असं कुणी म्हणेल. खरं आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मुलांना सवलतीत मिळतो, पण क्लास सुटायच्या आधीच गावाकडची शेवटची गाडी निघून गेली तर तो पास काय चाटायचा? क्लास सुटायच्या वेळेला एक एसटी लावली तर निम्मी पोरं मोटरसायकल मागणारच नाहीत, असं मला वाटतं. पण ही मागणी घेऊन डेपोत कुणी जात नाही, कारण गाडी घेऊन देणं सोपं.

सरकार पायऱ्या आणेल तेव्हा आणेल. माझ्या भाच्याला नुकतंच लायसन्स मिळालंय, त्याच्यासाठी मी घरातच तीन अटी घातल्यात. वर्षभर अंधार पडल्यावर गाडी नाही, मागे मित्र नाही, सुरत-नागपूर हायवेवर एकट्यानं नाही. तिसरी त्यानं लगेच मानली. पहिलीवर ताईनं माझी बाजू घेतली. मित्राच्या अटीवर मात्र अजून घासाघीस चालू आहे, आणि भाचा माझ्याशी बोलत नाही.