पिंगला उत्तर नाही म्हणून पत्ता मोकळा ठरत नाही

युनिक्स वर्कस्टेशनला हाताने स्थिर आयपी पत्ता द्यायची एक झटपट कृती सगळीकडे फिरते आहे: ‘पिंगला उत्तर न देणारा कुठलाही पत्ता उचला, मास्क 255.255.255.0 ठेवा, आयएफकॉन्फिग कमांडची एक ओळ चालवा, झालं. वर नेटही वेगवान होतं.’ यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा आहे, आणि त्याचा त्रास बरेचदा त्याच नेटवर्कवरच्या भलत्याच माणसाला होतो. म्हणून हे सविस्तर खोडून काढायला हवं.

आधी पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्यावर कुणी आहे का ते विचारणारी कमांड. उत्तर आलं नाही, तर मशीन बंद असेल, फायरवॉल आयसीएमपी (पिंग ज्यातून जातं तो प्रोटोकॉल) अडवत असेल, किंवा तो पत्ता डीएचसीपी सर्व्हरच्या (आपोआप पत्ते देणाऱ्या यंत्राच्या) वाटपातला असून थोड्या वेळाने दुसऱ्या कुणाला मिळणार असेल. एआरपीची (‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ असं स्थानिक नेटवर्कवर विचारण्याची) चौकशी जास्त भरवशाची, कारण पिंग अडवणारं मशीनही एआरपीला सहसा उत्तर देतं. त्याशिवाय त्याच्यापर्यंत काही पोहोचणारच नाही. लिनक्सवर आर्पिंग कमांड हेच काम करते. मात्र बंद असलेलं मशीन तिलाही सापडत नाही. तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारून, डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा पत्ता घ्या. एकच पत्ता दोघांकडे गेला की इतरांच्या एआरपी तक्त्यात कधी एकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) दिसतो, कधी दुसऱ्याचा. कनेक्शन मधूनच तुटतं, आणि ज्याने काहीच बदललेलं नाही तो बिचारा केबल तपासत बसतो.

मास्क म्हणजे पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा. त्याची चूक याहून फसवी, कारण तिच्यासकट बरंच काही चालतं. समजा नेटवर्क 10.20.4.0/22 आहे (पहिले 22 बिट नेटवर्कचे), म्हणजे 10.20.4.0 ते 10.20.7.255. तुम्ही 10.20.4.15 घेतला आणि मास्क 255.255.255.0 लिहिला. आता 10.20.6.40 हा त्याच नेटवर्कवर असूनही तुमचं मशीन त्याला परका समजून पॅकेट गेटवेकडे (बाहेरच्या नेटवर्कांकडे नेणाऱ्या राउटरकडे) पाठवतं. गेटवे 10.20.7.254 असेल तर तोही या मास्कबाहेर पडतो, आणि डिफॉल्ट रूट (बाहेरचं सगळं गेटवेकडे धाडण्याचा नियम) बहुधा जोडलाच जात नाही. शिवाय या नेटवर्कात 10.20.4.255 हा एखाद्या मशीनचा रीतसर पत्ता असू शकतो. तुमच्या लेखी मात्र तो ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम संदेश धाडण्याचा पत्ता. मास्क गाळला तरी सुटका नाही. लिनक्सवरची जुनी आयएफकॉन्फिग अशा वेळी 255.0.0.0 धरते, 1993 साली सीआयडीआर (मास्क हवा तिथे तोडू देणारी पद्धत) आल्यावर मागे पडलेली वर्गपद्धत (पत्त्याच्या सुरुवातीवरून मास्क ठरवणारी) तिच्यात अजून शिल्लक आहे. नवी आयपी कमांड तोच पत्ता /32, म्हणजे एकट्याचंच नेटवर्क, मानते.

‘एक ओळ’ हा दावा रीबूट होईपर्यंतच टिकतो. आयएफकॉन्फिग चालू कर्नलमधली स्थिती बदलते, फाइलमध्ये काही लिहीत नाही. फ्रीबीएसडीत कायमची नोंद आरसी.कॉन्फमध्ये होते, ओपनबीएसडीत इंटरफेसच्या नावाच्या होस्टनेम फाइलमध्ये, आणि गेटवे मायगेटमध्ये. लिनक्सवर ते वितरणानुसार बदलतं. शिवाय डीएचसीपी बंद केलं की पत्त्यासोबत मिळणारा डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हरही (नावावरून पत्ता सांगणारे) तुम्हालाच लिहावे लागतात. आकड्यांच्या पत्त्याला पिंग जातं पण नावाने काहीच उघडत नाही, तेव्हा आधी डीएनएस सर्व्हर नोंदवलेली रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल पाहा. नेटवर्कमॅनेजर ही नेटवर्कची मांडणी सांभाळणारी सेवा चालू असेल तर त्या फाइलमधली हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाऊ शकते. बदल त्याच्याच सेटिंगमध्ये करा. आणि हे सगळं एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून जोडून) करत असाल तर पत्ता बदलताच तुमचंच सत्र तुटेल. उबुंटूत नेटप्लॅन या नेटवर्क मांडणीच्या साधनाचा ‘ट्राय’ पर्याय होकार न मिळाल्यास 120 सेकंदांनी जुनी मांडणी परत आणतो, तो वापरा.

राहिला वेग. डीएचसीपी सुरुवातीला चार संदेशांत पत्ता देतो आणि पुढे सहसा त्या पत्त्याची मुदत अर्धी सरल्यावर नूतनीकरण करतो. मधल्या काळात तुमच्या पॅकेटांशी त्याचा काही संबंध नसतो, मग ती वेगाने धावणार कशी?

पत्ता कायम एकच हवा, एवढीच गरज असेल तर डीएचसीपी सर्व्हरवर आपल्या मॅक पत्त्यासाठी तो राखून घ्या; मास्क, गेटवे आणि डीएनएस तिथूनच येतील. डीएचसीपी सर्व्हर स्वतः किंवा त्याच्याआधी सुरू व्हावी लागणारी यंत्रं असतील, तर मात्र हाताने लिहिण्याला पर्याय नाही.