ऑर्गन म्हणजे नुसती भरणी? नाही पटलं
रॉक संगीतातल्या वाद्यांवरचा लेख छान, पण त्यातलं 'ऑर्गन म्हणजे गिटारमागची भरणी' (म्हणजे नुसती रिकामी जागा भरणारं वाद्य) हे वाक्य काही घशाखाली उतरत नाही. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा जॉन लॉर्ड आपला हॅमंड कंपनीचा इलेक्ट्रिक ऑर्गन चक्क गिटारवाल्यांच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचा. त्यांच्या १९७२ च्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्यात गिटारची ती प्रसिद्ध सुरावट सुरू झाली की थोड्या वेळाने तीच सुरावट ऑर्गनही धरतो. हेडफोन लावून ऐका, आवाज एकदम जाड होतो. त्यांच्याच 'हायवे स्टार'मध्ये तर पहिला सोलो ऑर्गनचाच, गिटारचा नंतर!

गंमत म्हणजे हॅमंडची पट्टी दाबताना येणारी बारीक 'टिक' कंपनीला दोष वाटायची. वादकांना नेमकी तीच आवडली. त्यात हॅमंडला जोडतात त्या लेस्ली स्पीकरचा फिरता भोंगा; त्याचा वेग बदलला की सूर थरथरायला लागतो.

आणि लेखात ऑर्गनवादक मॅथ्यू फिशरचा उल्लेखच नाही? प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडच्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'मधली (१९६७) ऑर्गनची धून त्याची. त्यासाठी तो कोर्टात गेला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) गाण्याचा सहरचनाकार म्हणून त्याचा हक्क मान्य केला. भरणीला कोणी असा हिस्सा देतं का?