43 किलोच्या पोराची कोणती चरबी वितळवणार?

नातेवाईकांच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. म्हणे क्रोन्स (आतड्याला सूज येत राहणारा जुनाट आजार) म्हणजे आतड्याला चिकटलेली चरबी, रोज रात्री एरंडेल प्या, 21 दिवस लिंबूपाण्यावर राहा, गोळ्या त्याच दिवशी बंद, गहू-दूध पण बंद. अमळनेरला आमच्या आक्काने ते खरं मानलं. काल गेलो तर भाच्याच्या क्रोन्सच्या गोळ्या कपाटावर टाकलेल्या आणि ओट्यावर एरंडेलची बाटली. 19 वर्षांचा पोरगा, वजन 43 किलो, बनियनमधून फासळ्या दिसताय.

चरबीचं अगदीच खोटं नाही, तेवढं मानतो. क्रोन्समध्ये सुजलेल्या आतड्यावर बाहेरून चरबी चढते, ऑपरेशनच्या वेळी सर्जनला ती दिसते. पण ती बारीक माणसालाही चढते, खाण्यातल्या तेला-तुपाची ती नाही. 2020 साली सेल या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलच्या टीमने दाखवलं की आतड्यातले जिवंत जंतू भिंत ओलांडून या चरबीत शिरतात, त्यातला एक क्लॉस्ट्रिडियम इनोक्यूअम, आणि त्यांना तिथेच अडवायला चरबी गोळा होत असावी. पुढे तीच चरबी आतडं कडक व्हायला हातभार लावते, म्हणजे साधीसुधी नाहीच ती, पण उपाशी राहून जाणारी पण नाही.

आता एरंडेल. ते जातं आतड्याच्या आतून आणि चरबी आहे बाहेरून, मग ते तिच्यापर्यंत पोचणार कसं? एरंडेलाने आतडं जोरात आवळतं आणि जुलाब होतात, बस. ज्याला आधीच दिवसातून सात-आठ वेळा पळावं लागतं त्याला जुलाबाचं औषध देताय? आणि आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर पोटात कळा येऊन थेट दवाखाना गाठावा लागेल.

सगळ्यात वाईट म्हणजे गोळ्या बंद. त्यात स्टिरॉइड आहे, दोन महिन्यांपासून चालू आहे. अशा वेळी शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं, एकदम गोळी तोडली तर बीपी पडतो, चक्कर येते, उलट्या होतात, जिवावर बेततं. ती डॉक्टर सांगतील तशी हळूहळूच कमी करायची असते, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं का?

दूध काहींना खरंच सोसत नाही, त्यांनी टाळावं. गव्हाचं सरसकट सगळ्यांना सांगायची गरज नाही.

भाच्याचे दोन डोस चुकलेत. रात्रीच डॉक्टरांना फोन केला, गोळ्या खाली काढल्या, बाटली मी सोबत घेऊन आलो. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय त्यांनी आजच आपापल्या ग्रुपवर लिहा की गोळ्या बंद करू नका.